पंपघरातला बोका

सोमवार, २

संपादकांनी आज खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमच्याकडे दार लावून घेतात ते दोनच प्रसंगी. एक, माणूस काढायचा असतो. दोन, माणसाला न जमणारं काम त्याच्या गळ्यात घालायचं असतं. मी पहिल्याची मानसिक तयारी करून आत गेलो होतो, त्यामुळे दुसरं ऐकून आधी हायसं वाटलं.

"लहान मुलांसाठी गोष्ट लिहायची. युद्धावर. क्रमशः, बुधवारी आणि शनिवारी."

"मी?"

"शाळेच्या बसमधून पोरांना ते क्रीडागृह दिसतं. बाहेर वाळत घातलेले कपडे दिसतात. घरी जाऊन विचारतात, ही माणसं का आली, परत कधी जाणार? आईबापांना उत्तर देता येत नाही."

"मला तरी कुठे येतंय?"

"तुम्ही नदीपलीकडे जाऊन आला आहात. शिवाय तुमचं संस्कृत चांगलं आहे."

ह्या 'शिवाय'चा अन्वय मला अजून लागलेला नाही. कचेरीत कोणतंही अवघड जागेचं दुखणं आलं की माझं संस्कृत चांगलं असतं. बढतीच्या वेळी ते कुणाला आठवत नाही.

अटी अशा: मुलं रडता कामा नयेत, कोणी मरायचं नाही, शेवट गोड. म्हटलं, ह्या अटी काही नव्या नाहीत. रंगमंचावर मरण दाखवायचं नाही हा नियम आमच्या जुन्या नाटककारांनी निमूट पाळला, मीही पाळीन.

घरी हिला सांगितलं. ही निवृत्त शिक्षिका. सध्या क्रीडागृहात लाउडस्पीकरवर सूचना वाचायचं काम करते. हिला लाउडस्पीकर कशाला लागतो हे आयोजकांना कळत असेल तर कळो.

"तुम्हाला मुलांशी बोलता येतं का?" हिने विचारलं.

"मीही एके काळी लहान होतो."

"मला नाही वाटत," ही म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

बुधवार, ४

हिच्याबरोबर क्रीडागृहात गेलो. पूल ओलांडून आलेली माणसं बॅडमिंटनच्या कोर्टांवर राहतात. लाकडी जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा आयत्या होत्या, त्यांच्याच भिंती झाल्या. सर्व्हिस लाइनच्या अलीकडे एक बिऱ्हाड, पलीकडे दुसरं. शेजारचं पोर न विचारता रेघ ओलांडून आलं तर "दार दिसत नाही का?" असं दरडावतात, आणि ते पोर खरोखरच मागे जाऊन हवेत टकटक करतं. मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

एका खांबाला टेकून लिहायला बसलो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पाण्याची बादली खाली ठेवून समोर उभी राहिली.

"तुम्ही लाउडस्पीकरवाल्या बाईंचे मिस्टर ना?"

इतकी वर्षं छापून येऊन शेवटी ओळख ही.

"काय लिहिताय?"

"गोष्ट."

"वाचून दाखवा."

मी वाचलं: "क्षितिजावर युद्धाचे कृष्णमेघ दाटून आले होते."

"ढग नव्हते," ती म्हणाली. "ऊन होतं. आम्ही कपडे वाळत घातले होते. ते तसेच राहिले."

मी कृष्णमेघ खोडले आणि कपडे घातले. वाक्य सुधारलं, हे कबूल करायला थोडा वेळ लागला. मी तिला 'उपसंपादक' ही पदवी दिली. तिने काम काय असतं विचारलं. म्हटलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं कापायचं. तिला पसंत पडलं.

तिची आई रेघेच्या आत, भिंतीकडे तोंड करून बसली होती. मुलीने पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. आईने तो घेतला, पण मान वर केली नाही. काही भांडण झालं असावं. मायलेकींची भांडणं हा माझा विषय नव्हे.

शनिवार, ७

पहिला भाग मुलांच्या पानावर आला, सुबक चित्रासकट. संपादक खूश. उपसंपादक नाखूश.

"तुमचा मुलगा फार शहाणा आहे. असा कोणी नसतो. घर सोडताना तो झाडांना निरोप कशाला देतो?"

"मग तुझ्या ओळखीचा कोणी वेडा मुलगा सांग."

तिने धाकट्या भावाचं सांगितलं. त्याला घरी बोका म्हणतात, कारण कपाटावर चढून झोपायचा. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे 'साबण' म्हणायला गेला की शिट्टी वाजायची. मुद्दाम दिवसभर साबण मागायचा. शर्टाची बटणं नेहमी एक घर चुकवून लावायचा आणि कोणी नीट लावून दिली की चिडायचा. सांगताना हसत होती. मीही हसलो. असा नायक हात जोडून समोर उभा राहिल्यावर लेखकाने काय करावं?

"आहे कुठे हा सद्गृहस्थ?"

"हरवला." मग एका दमात, "पुलाच्या आधी. गर्दी होती. माझ्या हातातून हात सुटला आणि तो पुढच्या माणसांबरोबर पुढे गेला."

पाठ केल्यासारखं म्हणाली. बिचारीला किती जणांना सांगावं लागलं असेल.

हिने संध्याकाळी अधिक सांगितलं. त्याच्या नावाची सूचना ही रोज सकाळी वाचते. आई रोज लाउडस्पीकरपाशी येऊन उभी राहते आणि ऐकून परत जाते. आल्या दिवशी ती मुलीला एवढंच म्हणाली होती, "हात सोडलास." त्यानंतर कामापुरतंच बोलते.

मुलीला विचारलं होतं, बोक्याला गोष्टीत घेऊ का? बराच वेळ विचार करून म्हणाली, "घ्या. पण नाव बदलू नका. नाव बदललं तर तो बोका राहणार नाही."

सोमवार, ९

दोन्ही कथाकारांची बैठक. तिला नियम समजावून सांगितला की जुन्या नाटकात मरण रंगमंचावर दाखवत नसत.

"मग कुठे दाखवायचे?"

"पडद्यामागे होतं ते. कोणीतरी येऊन सांगतं."

"कोण?"

"जो तिथे हजर असतो तो."

ती नखाने जमिनीवरची रेघ खरवडत बसली. मी म्हटलं, आपल्या गोष्टीत त्याची गरज नाही, बोका गर्दीबरोबर पुढे गेला, इथपासून सुरू करू.

"पुढे नको. मागेच राहिला असं लिहा."

"का?"

"पुढे आला असता तर इकडे सापडला असता ना."

हे तर्कशास्त्र निर्दोष होतं. म्हणजे बोका बहिणीला शोधायला मागे फिरला आणि पलीकडेच राहिला. आता त्याला ठेवायचा कुठे? मला पंपघर आठवलं. युद्धाच्या सुरुवातीला मी बातमीसाठी तिथे गेलो होतो. कालव्याच्या काठी दगडी इमारत. पाण्याचे पंप चालवणारा एक बडबड्या माणूस, जो यंत्रांना खोडकर ढोरांसारखा रागवायचा. गोष्टीसाठी बांधून ठेवल्यासारखी जागा.

"भिंती जाड आहेत?" तिने विचारलं.

"चांगल्या हातभर."

"मग पडणार नाहीत."

"मुळीच नाही. आणि शेवटी आई तिथे येते, आणि..."

"नको," ती पटकन म्हणाली. "सापडू नका देऊ त्याला. नुसता असू दे तिथे."

ह्या वयात इतकी आधुनिक अभिरुची! मी आमच्या समीक्षकांना ह्या पोरीकडे शिकवणीला धाडणार आहे.

बुधवार, ११

कागदाची टंचाई. मुलांचं पान रद्द. बोक्याला तिसऱ्या पानावर, 'हरवले-सापडले'च्या खाली जागा मिळाली. चित्र गेलं, 'बालकथा' ही पट्टीही गेली, आणि वर छापून आलं: 'आमच्या खास वार्ताहराकडून'. पान लावणाऱ्याला विचारलं, हे काय?

"तुमचा मजकूर दिसला की हात आपोआप तेच लावतो. का, बिघडलं काही?"

बिघडलं काही नाही. उलट मला मौज वाटली. इतक्या वर्षांत माझ्या नावावर पहिल्यांदाच काहीतरी वाचनीय आलं.

ही रोज सकाळी तिसरं पान लाउडस्पीकरवर वाचते. आज खाली बोका होता म्हणून त्यालाही वाचलं. सगळं क्रीडागृह चिडीचूप झालं म्हणे. भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा थांबल्या. मी म्हटलं, हा लेखकाचा विजय. ही म्हणाली, वाचणारीचा. जेवण होईपर्यंत निकाल लागला नाही.

शनिवार, १४

आज जो मान मिळाला तो आयुष्यात मिळाला नव्हता.

आजच्या भागात पंपवाला बोक्याला चहा देतो, आणि कळतं की तिथे आणखीही काही चुकलेली मुलं आहेत. दुपारी क्रीडागृहात गेलो तर एक आजोबा वाट बघत उभे.

"तिकडे अजून पोरं आहेत म्हणता. त्यांत निळ्या फ्रॉकातली एखादी आहे का हो? एवढीशी?"

"घालू की, आजोबा. पुढच्याच भागात निळा फ्रॉक आणतो."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. डोळ्यांत पाणी. वाचकाचं असं प्रेम आमच्या धंद्यात दुर्मीळ.

बोक्याची आईसुद्धा प्रथमच माझ्याशी बोलली. पंपघर पुलापासून किती लांब, वाट कुठली, असं विचारलं. मी सविस्तर सांगितलं. पूल उतरला की उजवीकडे, कालव्याच्या कडेकडेने. वाचकाला भूगोलही चोख लागतो, हे मी नेहमीच म्हणत आलो आहे.

"जेवला का तो?"

"पुढच्या भागात पोटभर जेवणार आहे."

तिने मान हलवली. "म्हणूनच इकडे सापडत नव्हता," ती स्वतःशीच म्हणाली. नंतर बघतो तर ती मुलीची वेणी घालत होती. भांडण मिटलेलं दिसतं. उपसंपादकाचा चेहरा मात्र पडलेला. माझं कौतुक सहन झालं नसेल.

घरी येताना ही म्हणाली, "अहो, लोक फारच मन लावून ऐकतात. मला कसंसंच होतं वाचताना."

माझ्याही मनात एकदा पाल चुकचुकली, नाही असं नाही. मग म्हटलं, ही जाणती, संसारी माणसं आहेत. गोष्ट कुठली आणि बातमी कुठली हे त्यांना कळत नाही असं धरून चालणं हा त्यांचा अपमान होईल.

बुधवार, १८

निळा फ्रॉक आला. बोक्याला जेवायला वाढलं. दोन दिवस पलीकडून तोफांचा आवाज येतोय, खिडकीची तावदानं थरथरतात. ह्यापलीकडे विशेष काही नाही.

गुरुवार, १९

जमेल तसं लिहितो. क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी कचेरीत चहा घेत होतो. उपसंपादक धावत जिना चढून आली. पायात चपला नव्हत्या.

"आई पुलाकडे गेली. बोक्याला आणायला."

"कुठून?"

"तुमच्या पंपघरातून."

मी म्हणालो, अगं, ती गोष्ट आहे!

"मी सांगितलं तिला. ती म्हणते, पेपरात आलंय. लाउडस्पीकरवर सांगितलंय. वार्ताहर स्वतः जाऊन आलेत, त्यांनी वाटसुद्धा सांगितली."

पूल सकाळी थोडा वेळ उघडतात. आपली माणसं आणायला ज्यांना जायचं असेल त्यांनी आपल्या जबाबदारीवर जावं. मी पान लावणाऱ्याकडून स्कूटरची किल्ली मागितली. जिना उतरताना, ह्याची आता लाज वाटते, पण मी तिला म्हणालो, "हे बघ, समजा नशिबाने तो खरंच पलीकडे कुठेतरी असलाच..."

"नाही."

"तुला काय माहीत?"

"तो तेलाच्या गिरणीच्या भिंतीखाली आहे."

बाकीचं तिने स्कूटरवर मागे बसून सांगितलं. मला तिचं तोंड दिसत नव्हतं. आई दोन बोचकी घेऊन पुढे होती, ही दोघं मागे. गिरणीची भिंत पडली. बोक्याचा फक्त हात बाहेर राहिला. ती तो धरून बसली. आधी तो बोटं दाबत होता. मग दाबेना. मग ती उठली आणि पळत जाऊन आईला गाठलं.

"खरं सांगितलं असतं तर ती मागे फिरली असती. मागे अजून पडतच होतं. म्हणून म्हटलं, हात सुटला, तो पुढे गेला. मग ती पुढे पळाली."

मी जन्मभर वाक्यं जुळवतो आहे. ह्या पोरीने एका वाक्याने आईला पूल ओलांडून जिवंत आणलं. आणि माझी वाक्यं तिला उलट पलीकडे न्यायला निघाली होती.

पुलाच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांची भिंत, तिच्या फटीतून एकेक माणूस सोडतात. पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारलं, पंपघराकडे जायचं म्हणणारी एक बाई आली का?

"रांगेत बघा. पंपघरवाली ह्या आठवड्यातली तिसरी."

"आधीचे दोघे?"

"काल गेले. एक म्हातारा होता."

"परत आले?"

तो पुढच्या माणसाचे कागद बघायला लागला.

बोक्याची आई रांगेत होती, बरीच पुढे. केस नीट विंचरलेले. हातात पिशवी, पिशवीत लहान मुलाचा स्वेटर. मला बघून ती ओळखीचं हसली.

"बाई, बोका तिथे नाही. ते सगळं मी रचलेलं आहे."

तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्यावर बंदी असेल. कळतं मला. मी तुमचं नाव कुठे घेणार नाही."

"बंदी नाही हो. खोटं आहे ते."

"मग दात पडलेत ते कसं कळलं?"

"तुमच्या मुलीने सांगितलं."

"बटणं?"

"तिनेच."

"आणि तो मागे राहिला, हे?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. मी मुलीकडे बघितलं, आणि आईनेही बघितलं. रांग एक पाऊल सरकली. मुलगी आईच्या गळ्यात हात घालून तिच्या कानाशी लागली. मला शब्द ऐकू आले नाहीत. ते मी आधीच ऐकले होते. वेळ फार लागला नाही.

आईने एकच विचारलं, "कुठली भिंत?"

"तेलाच्या गिरणीची."

ती रांगेतून बाहेर आली. कोणी धरलं नाही, ओढलं नाही, आपली आपण बाहेर आली. मागचा माणूस तिच्या जागेवर सरकला. रस्त्याच्या कडेला ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. मुलगी तिच्यापासून जरा दूर उभी राहिली, मार खायची तयारी केलेल्या मुलासारखी. आईने मारलं नाही. जवळही घेतलं नाही. ऊन चढलं तेव्हा उठली आणि चालू लागली. मी स्कूटर हातात धरून त्यांच्या मागून क्रीडागृहापर्यंत चालत गेलो.

शुक्रवार, २०

'पंपघराची मालिका ही केवळ कल्पना असून तेथे कोणीही मूल असल्याची माहिती नाही.' हे तिसऱ्या पानावर, ठळक टाइपात छापा, असं संपादकांना सांगितलं.

"गोष्टीला कधी खुलासा असतो का हो? हसतील लोक."

"हसू द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने सही केली. पान लावणारा मान खाली घालून अक्षरं लावत होता. त्याला रागवावं असं वाटलं, पण 'खास वार्ताहराकडून' ही ओळ आली त्या दिवशी हसलं कोण होतं?

शनिवार, २१

हिने तो खुलासा सकाळी लाउडस्पीकरवर वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा कोणालाच समजला नाही, म्हणून पुन्हा वाचला. मग तिसऱ्यांदा, कागद बाजूला ठेवून, आपल्या शब्दांत: "ऐका. ती गोष्ट होती. तिथे मुलं नाहीत. कोणीही जाऊ नका."

कुठल्यातरी कोर्टातून एक बाई ओरडली, "मग वाचलीत कशाला?"

हिने लाउडस्पीकर बंद केला. घरी येऊन स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. मी काही बोलायला गेलो तर हात वर करून थांबवलं.

आजोबा परतलेले नाहीत. त्यांची सतरंजी रेघेच्या आत तशीच अंथरलेली आहे. दाटीवाटीने राहणारी माणसं, पण त्या रेघेच्या आत कोणी पाऊल टाकत नाही. पुलावर जाऊन पुन्हा विचारलं. शिपाई बदललेला होता, त्याला माहीत नव्हतं. आधीच्या दोघांपैकी दुसरं कोण होतं तेही कळत नाही. पंपघर उभं आहे का, हेसुद्धा मला माहीत नाही. भिंती हातभर जाड होत्या, हे मी अंदाजाने सांगितलं होतं. मोजल्या नव्हत्या.

मंगळवार, २४

संपादक विचारतात, बोका कुठे आहे, घरोघरची मुलं विचारताहेत. म्हटलं, मी थांबवलं. त्यांनी रागवायला हवं होतं, रागावले नाहीत. "मुलांचं पान पुढच्या आठवड्यापासून पुन्हा सुरू होतंय," एवढंच म्हणाले. "पट्टी असेल. चित्र असेल."

क्रीडागृहात जायचं टाळतो. ही जाते. हिला विचारलं, उपसंपादक कशी आहे?

"पाणी भरते. आईच्या मागेमागे असते. आई बोलत नाही."

"अजून नाही?"

"कोणाशीच नाही. फक्त तिच्याशी नाही असं नाही."

हा फरक लक्षात यायला मला वेळ लागला.

शनिवार, २८

बोक्याच्या आईने हिच्याबरोबर निरोप धाडला, जरा येऊन जा. मी जे काही ऐकायला लागेल ते ऐकायच्या तयारीने गेलो. रस्त्याने येताना एक क्षमायाचनाही जुळवली होती, चांगली भारदस्त. क्रीडागृहाच्या दारातच ती किती नटवी आहे हे लक्षात आलं.

ती खांबाला टेकून बसली होती. मी रेघेबाहेर थांबलो.

"आत या," ती म्हणाली. मी बसलो.

"पुढचा भाग आला नाही."

"थांबवली मी गोष्ट."

"का?"

"खरं नव्हतं ते."

"खरं नाही ते मला माहीत आहे," ती म्हणाली. आवाज सपाट, बाजारहाट सांगावा तसा. "आता माहीत आहे. तरी लिहा. तुम्ही त्याला जेवायला बसवलंत आणि तसंच सोडलंत. पोराला असं ताटावर सोडून जातात का?"

"नाही."

"मग? रात्री झोपतो कुठे तो तिथे?"

"यंत्रांच्या शेजारी. तिथे ऊब असते."

"एकटा झोपत नाही तो. कधी झोपलाच नाही. शेजारी कोणीतरी लागतं त्याला."

"पंपवाल्याला झोपवू का?"

"परका माणूस नको."

"मग कोणाला ठेवू?"

तिने मान वळवली. पलीकडे नळावर मुलगी बादली भरत होती. भरून झाली तरी तशीच उभी होती, आमच्याकडे पाठ करून, सगळं ऐकत.

"ती होतीच की," आई म्हणाली. "तिलाच ठेवा."